आगळाच्या बाटलीवरचा लाल ठिपका

निवडणुका नसतात तेव्हा मी काय करते, हे रत्नागिरीत फार थोड्यांना ठाऊक आहे. निवडणुकीत मी उमेदवाराची भाषणं लिहिते, आधी कुठल्या वाडीत जायचं ते ठरवते आणि पत्रकावर कोणता फोटो छापायचा यावरून त्याच्या मेहुण्यांशी भांडते. गुलाल धुतला गेला की माझी कोणाला आठवण राहत नाही. मग मी कोकम, आंबा, फणसाचे पदार्थ करणाऱ्या छोट्या उद्योगांची बाजू मांडत मुंबई-दिल्लीच्या कार्यालयांत फिरते. याला लॉबिंग म्हणतात. आई म्हणते, ‘लोकांसाठी खेटे घालणं’. मला तिचंच नाव पटतं.

एका उन्हाळ्यात दिल्लीहून नव्या नियमाचा मसुदा आला. ज्या पाकिटातल्या पदार्थात मीठ, साखर किंवा तेल जास्त, त्याच्या दर्शनी बाजूला लाल ठिपका छापायचा. वाचून मला बरंच वाटलं. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेते, आणि तरी वेफर्सचं पाकीट फोडलं की संपवते. कोणीतरी त्या पाकिटावर खरं लिहावं, असं मलाही वाटत होतं. पण पुढे वाचलं तर मिठाचं माप बाटलीत जे भरलंय त्याचंच घेणार होते. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा दाट रस. तो नुसता कोणी पीत नाही. थोडासा नारळाच्या दुधात घातला की सोलकढी होते. या मापाने आगळाची बाटली वेफर्सच्याच रांगेत जाऊन बसणार होती.

या छोट्या उद्योगांच्या आमच्या संघाच्या अध्यक्षीणबाईंचं हातखंब्याला हायवेच्या कडेला दुकान आहे. मी त्यांना मावशी म्हणते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “गो, गाडीतून उतरणारी माणसं आता बाटली फिरवून फिरवून वाचतात. लाल दिसलं की ठेवून देतील. काही होईल का?”

“होईल,” मी म्हटलं. “पण आपण फक्त आगळ-सरबतापुरतं बोलायचं.”

पंधरवड्यात एका मोठ्या फरसाण कंपनीचा माणूस मला भेटायला रत्नागिरीत आला. गोड बोलणारा, तयारीचा. त्याने थेट सांगितलं, “मॅडम, खर्च आमचा, चेहरा तुमचा. कोकणातल्या कष्टाळू बायका, त्यांचं आगळ, आणि त्यांच्या पोटावर येणारा नियम. महिनाभर हेच दाखवू. अख्खा मसुदा मागे जाईल.”

कल्पना उत्तम होती. मला कोणी सांगितलं असतं तर मीही अशीच मोहीम आखली असती, म्हणूनच ती कुठवर जाईल हे मला स्पष्ट दिसलं. बायकांच्या आडून वेफर्स सुटणार होते.

“तुमच्या पाकिटावर ठिपका यायला हवा, असं माझं मत आहे,” मी म्हटलं.

“मग तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?”

“ज्यांनी मला पाठवलंय त्यांच्या.”

मावशींना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या. “आयतं चालून आलेलं का घालवलंस?”

“मसुदा आज मागे गेला तरी उद्या परत येईल, मावशी. तोवर आपण फरसाणवाल्यांची माणसं म्हणून ओळखले जाऊ. मग आपलं कोण ऐकणार?”

त्यांनी बरण्या पुसायला घेतल्या. “मला हे पटलेलं नाही. पण बोलायचं तुला आहे. जा.”

मी आमदारांकडे गेले. त्यांचा प्रचार मीच सांभाळला होता. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, “ताई, विषय महत्त्वाचा आहे. मी जातीने लक्ष घालतो.”

“साहेब, हे वाक्य मीच तुम्हाला लिहून दिलं होतं. नाही म्हणायचं असेल तेव्हा वापरायला.”

ते हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. “कंपनीवालेही भेटून गेलेत.”

“जातीलच. पण त्यांचं एकही मत तुमच्या मतदारसंघात नाही. बाटल्या भरणाऱ्या बायकांची आहेत. तुम्ही काही बोलू नका, फक्त मला दिल्लीत अधिकाऱ्यांची वेळ मिळवून द्या.”

त्यांनी मान हलवत फोन उचलला.

दिल्लीत माझ्या पिशवीत आगळाची बाटली होती. ती मी बाहेर काढली नाही. असलं नाटक सभेत चालतं. समोरच्या अधिकारी बाई थकलेल्या दिसत होत्या. त्यांना वाटलं, मीही ठिपका काढा म्हणायला आलेय.

“ठिपका ठेवा,” मी हिंदीत म्हटलं. “फक्त माणूस जे पितो त्याचं माप घ्या.”

“किती पाणी घालायचं, हे कोण ठरवणार?”

“प्रयोगशाळेत तपासून घेऊ आणि बाटलीवर छापू.”

“आणि कोणी खोटं छापलं तर?”

“कारवाई करा. त्याची बाजू घेऊन मी येणार नाही.”

त्यांनी पहिल्यांदा पेन उचललं.

सुधारलेला मसुदा आला त्यात पातळ करून प्यायच्या पदार्थांचं माप पातळ केल्यावर घ्यायचं, असं होतं. आम्ही हातखंब्याला पेढे वाटले. मात्र त्याच मसुद्यात वेफर्स-फरसाणाचा ठिपका ‘अधिक विचारासाठी’ बाजूला ठेवलेला होता. कंपनीला दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा मिळाला असावा. त्या रात्री मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. पुढच्या निवडणुकीचं काम आमदारांनी पुण्याच्या एका एजन्सीला दिलं. का दिलं, ते मी विचारलं नाही.

आता मसुद्यावर पुन्हा लोकांच्या सूचना मागवल्यात. वेफर्सवर ठिपका हवाच, अशी सूचना मी माझ्या एकटीच्या नावाने लिहिली आणि मावशींना वाचून दाखवली.

“ह्यात आपल्या संघाचा काय संबंध?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. हे माझं आहे,” मी म्हटलं, आणि तिथेच बसून दिल्लीचं तिकीट काढलं.