रक्ताचा कागद आणि माझं ताट

जवळ ये गं पोरी, हे पत्र असं दुरून वाचू नकोस. उन्हाळ्यात मी तुला येऊ नको म्हटलं, तर तू मावशीजवळ बोललीस, ‘आईला आता आम्ही नकोत.’ असं बोलतात का वेडे? काय झालं ते ऐक आधी.

माझ्या पोटात जळायचं ना, शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, जठरात जंतू आहेत. चौदा दिवस गोळ्या घेतल्या. तोंड कडू व्हायचं, चहासुद्धा गोड लागेना. हे जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या पोटात जातात, असंही ते म्हणाले होते. आणि तुझी लेक तर माझ्याच ताटात जेवते.

मला धीर कुठला! महिन्याभरात मी एकटीच जाऊन परत रक्त दिलं. कागदावर तेच, पॉझिटिव्ह. पोट बरं म्हणत होतं, कागद नाही म्हणत होता. मी कागदाचं ऐकलं. कोणाला सांगितलं नाही. कोणी येईल-जाईल म्हणून माझा ताट-तांब्या वेगळा केला, आणि घराला रंग द्यायचाय असं तुला फोनवर खोटं सांगितलं.

तू का आली नाहीस म्हणून शेजारीण कुंपणावरून विचारायची, “काय वं, यंदा पोर उनी नही का?”

“घरले रंग देनं शे.”

“कितलाक दिन चालस तुन्हा रंग? भिंती ते तश्याच शेतस!”

मी हसायची नि आत यायची. एका माणसाची भाकरी ती केवढी. कधी सकाळचीच संध्याकाळी खायची. घरात बोलायला कोणी नाही, मग तव्याशीच बोलायचं.

परवा बीपी दाखवायला गेले तर डॉक्टरांनी पिशवीतला तो कागद पाहिला. “मावशी, हाई तपासणी तुम्हीन कोणले इचारीसन करी?” त्यांना न विचारता केली म्हणून भरपूर रागावले. म्हणाले, जंतूंशी लढायला रक्तात अँटीबॉडी तयार होतात. चोर पळाला तरी राखणदार कित्येक महिने काठी आपटत फिरतात, तसं त्यांचं असतं. नुसतं पॉझिटिव्ह वाचायचं नाही, आकडा किती उतरला ते बघायचं, तेही सहा महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.

सहा महिने होऊन गेलेच होते. रक्त दिलं. आकडा पहिल्यापेक्षा निम्म्याहून खाली. “औषध लागू पडलं, मावशी.”

बाहेर बाकावर बसून मी रडले गं. आनंदाने नाही. लेकरू एक उन्हाळा मोठं झालं, नि मी पाहिलं नाही.

आता रुसू नकोस. शनिवारी सकाळच्या एसटीनेच ये, तिला घेऊन. मी स्टँडवर येते.