थोरलीनं कापलेली पडवी

माणसं छपरावर काय काय ठेवतात, हे थोरलीला विचारावं. जुने टायर, वाळूच्या गोण्या, गंजकी सायकल, आणि एका सद्गृहस्थानं तर शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा, तोही चाकासकट. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून वजन. असलं छप्पर दिसलं की थोरली शिडी टेकवायच्या आधी घरमालकाला बाहेर बोलावते आणि विचारते, वारा वरून बसतो की खालून शिरतो? घरमालक म्हणतो, खालून. मग हा टायर कुणाला दाखवायला ठेवलाय, असं ती विचारते, आणि उत्तराची वाट न पाहता तो टायर त्याच्या पायापाशी येऊन पडतो. शिवणयंत्र मात्र तिनं दोरीनं उतरवलं. यंत्राचा काय दोष.

थोरली पत्र्याची छपरं बसवते. पन्नाशीला टेकलेली, हाताला घट्टे, कमरेच्या पिशवीत हूक, वायसर आणि नट आवळायचे दोन पाने. राग नाकाच्या शेंड्यावर, कारण पिशवीत तो मावत नाही. बाहेर तिला पत्रेवाल्या ताई म्हणतात, घरात थोरली. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा गळकं छप्पर परवडलं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. वादळाची बातमी आली की तेच सगळ्यात आधी तिच्या दारात उभे असतात.

विद्या बापाची. बाप म्हणायचा, वारा छपराखाली घुसतो आणि खांदा देऊन उचलतो, तेव्हा आपणही तसंच उचलून बघावं. काम संपलं की तो शिडीवर चढून कडेच्या पत्र्याखाली पाठ लावायचा आणि जीव खाऊन वर रेटायचा. पत्रा बोटभर हलला तर त्या ओळीचे सगळे हूक पुन्हा. घरात याला ‘पाठ लावणं’ म्हणत. बापाचं दुसरं म्हणणं असं, की पडवीचं छप्पर घराच्या छपराला कधी जोडायचं नाही. पडवी तीन बाजूंनी उघडी, वारा पहिला घास तिचाच घेणार. सुटी असली तर एकटी जाईल. जोडलेली असली तर घराचा हात धरून जाईल.

आणि आई खाली. हूक खालून द्यावा लागतो. खालच्या पाइपाला तो अडकवायचा, त्याचं टोक पत्र्याच्या भोकातून वर काढायचं, मग वरचा माणूस नट आवळतो. वर बाप, खाली स्टुलावर आई. चाळीस वर्षं ती मान वर करून हूक देत आली. बापाचं कौतुक गावानं केलं, मानदुखी आईच्या वाट्याला आली.

बाप गेला तेव्हा दुकानाच्या पाटीवर धाकट्याचं नाव लागलं, कारण तो मुलगा. शिडी थोरलीकडे आली, कारण ती कुणालाच नको होती.

धाकटा तसा वाईट नाही. गोड बोलतो, गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, अंगातल्या शर्टाची घडी मोडू देत नाही. त्यामुळे पाठ लावणं त्याच्याच्यानं होत नाही. गेल्या वर्षी त्यानं घराचं छप्पर बदललं. आढ्यापासून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत एकच लांबलचक निळा पत्रा, घर आणि पडवी एकाखाली, मध्ये सांधा म्हणून नाही. खाली कुंड्या, वेताच्या खुर्च्या, स्कूटर. तोच त्याचा नमुना. गिऱ्हाइकाला तिथे बसवून तो वर बोट दाखवायचा आणि म्हणायचा, एकसंध. या एका शब्दावर त्यानं अकरा घरं तशीच करून दिली. थोरलीनं पहिल्या दिवशी ते पाहिलं, एवढंच म्हणाली की बापाला जाळून वर्ष नाही झालं आणि तू त्याला पुन्हा जाळलंस, आणि तेव्हापासून ती त्या पडवीखालून गेली नाही. आईला भेटायला मागच्या दारानं जायची.

आणि आई त्या पत्र्याखालीच होती. खुब्याचं हाड मोडलेलं, खाट पुढच्या खोलीत, पडवीला लागून. सहा आठवडे उचलायची नाही, फक्त दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यातले दोन झाले होते.

त्या दिवशी सकाळी दहाला भोंग्याची गाडी फिरली. दुपारनंतर मोठं वादळ, घराबाहेर पडू नका. थोरली तेव्हा एका गिरणीच्या छपरावर होती. उरलेले दोन हूक आवळले, खाली उतरली, शिडी खांद्यावर घेतली आणि कापायचं यंत्र पिशवीत टाकून भावाच्या घरी आली. वर्षभरात पहिल्यांदा पुढच्या दारानं.

धाकटा पडवीत दोन वाळूच्या गोण्या घेऊन उभा होता. वर ठेवायला.

ते पाहून थोरलीच्या डोक्यात जे झालं ते झालं. तिनं बापापासून सुरुवात केली, शाळेत धाकटा भूगोलात नापास झाला होता तिथवर गेली, आणि मग मुद्द्यावर आली. पडवी घरापासून कापायची, भिंतीच्या रेषेत, आत्ता. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला की ताई, हा पत्रा अख्ख्या गावात कुणाकडे नाही, याला कात्री लावणं म्हणजे माझ्या धंद्याला लावणं. उद्या लोक विचारतील, स्वतःचीच का कापलीस, तर काय सांगू? शिवाय वजन ठेवतोच आहे. शिवाय वादळ बाजूनं जाईल असंही म्हणतात.

थोरलीनं शिडी पडवीला टेकवली, चार पायऱ्या चढली, कडेच्या पत्र्याखाली पाठ लावली आणि रेटलं. पडवी हातभर उचलली गेली. आणि आत, पुढच्या खोलीत, आईच्या खाटेच्या वर, टक्कन आवाज झाला. खाली सोडलं, पुन्हा टक्.

आतून आईचा आवाज आला, “काय उचलताय रे? माझ्या डोक्यावरचं हललं.”

एवढं कुणालाही पुरलं असतं. पण धाकट्याला बहिणीच्या हातून शहाणपण नको होतं. तो म्हणाला की पन्नास माणसांची ताकद लावलीस तर डोंगरही हलेल. थोरली म्हणाली, “मी एकटी आहे. वारा पन्नास माणसांचा येईल.” आणि वर चढली.

यंत्राची वायर तिनं भावजयीला सांगून खिडकीतून आत लावली होती. निळ्या पत्र्यावर पहिली ठिणगी उडाली तशी धाकट्यानं घरात जाऊन मेन स्विच ओढला. यंत्र थांबलं. थोरलीनं वरूनच त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, त्या आपल्याही आहेत हे विसरून, आणि पिशवीतून पत्रा कापायची कात्री काढली. मग मात्र धाकट्याचा तोल गेला. एवढा सभ्य माणूस, रागात काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं शिडी काढून घेतली. काढली, आडवी केली, आणि अंगणात दूर नेऊन ठेवली. बस वर, म्हणाला.

छपरं बसवणाऱ्याच्या घरात जन्मून त्यानं ही चूक केली. शिडीवाचून थोरलीला खाली येता येत नव्हतं, हे खरं. पण त्यालाही वर जाता येत नव्हतं, आणि शिडी पुन्हा लावायची म्हणजे तिच्यापुढे हार मानायची. तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला आणि वर कर्रकर्र आवाज चालू राहिला. थोरलीला आता कुणीही खाली ओढू शकत नव्हतं. तिच्या आयुष्यात इतक्या निवांतपणे तिला कधी काम करता आलं नव्हतं.

निवांत म्हणजे हात सोलवटून. लांब पत्रा कात्रीनं कापणं म्हणजे घोरपडीची पाठ नखांनी फाडणं. प्रत्येक उंचवट्याशी कात्री अडायची, ती जोर लावायची आणि जोरासाठी एकेकाचं नाव घ्यायची. एका उंचवट्याला पाटी रंगवणारा. एका उंचवट्याला ती स्वतः, कारण पाटी लागली तेव्हा गप्प राहिली होती. बाकी बहुतेक उंचवट्यांना धाकटा. एव्हाना आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं आणि वारा थांबून थांबून धक्के देत होता, दारावरच्या उतावळ्या पाहुण्यासारखा.

अर्ध्या तासात घर आणि पडवीच्या मधून दिवस दिसायला लागला. पण कापलं म्हणजे झालं नाही. आता घराच्या पत्र्याची ती नवी कड मोकळी होती आणि तिला प्रत्येक उंचवट्यावर हूक हवा होता. तिनं पोगर ठोकून भोकं पाडली. हूक खालून कोण देणार? ती फटीत तोंड घालून भावजयीला हाक मारायला गेली तर भावजय आधीच आईच्या खाटेशेजारी टेबलावर उभी. हातात हूक, पायाशी नवऱ्याच्या दुकानातल्या हुकांचा डबा. कोणत्या बाजूनं धरायचा ते कळत नव्हतं एवढंच.

“उलटा,” आई खाटेवरून म्हणाली. “वाकडी बाजू पाइपाकडे. आता फिरव. टोक वर आलं का?”

वर थोरलीनं टोक पकडलं, वायसर घातला, नट आवळला. एक झाला. आईनं पुढचा सांगितला. भावजयीच्या हातातून एक हूक निसटून उशीवर पडला तेव्हा आई तिला म्हणाली की चाळीस वर्षांत मी एकदाही कुणाच्या डोक्यात नाही पाडला, तू पहिल्याच दिवशी सासूवर नेम धरलास. भावजय हसली. आणि मग, हसतानाच, बाहेरच्या नवऱ्याला ओरडून म्हणाली की इथं उभं राहायला माणूस लागतो, तिथं फेऱ्या मारायला नाही.

धाकटा आत आला नाही. पण त्यानं शिडी आणून लावली. लावली आणि तोंड फिरवून उभा राहिला, जणू ती आपली आपण चालत आली.

शेवटचा नट बसला आणि थोरली उतरेपर्यंत वाऱ्यानं धक्के देणं सोडून ढकलायला सुरुवात केली होती. चौघं पुढच्या खोलीत, शिडीही आत. दार वाऱ्याच्या तोंडाला, आणि ते उघडलं तर आत शिरलेला वारा छप्पर आतून उचलणार, म्हणून धाकट्यानं दाराला पाठ लावली. थोरलीनं पाहिलं आणि तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं, कारण दाराला माणूस हवा होता. तिनंही शेजारी खांदा दिला. दार छातीसारखं फुगत होतं. वर पत्रा घुमत होता, पण टक् झालं नाही. मग बाहेर कुणीतरी भलंमोठं कापड फाडावं तसा आवाज आला, लोखंड वाकलं, कुंड्या फुटल्या, आणि खिडकीच्या फटीतून थोरलीला दिसलं की पडवी गेली. अख्खी, निळी, एकसंध, खांबांसकट उचलली गेली, रस्त्यापलीकडच्या रिकाम्या जागेत एकदा आपटली आणि पुढे गेली. घराच्या कडेला तिनं साधं ओरबाडलंही नाही.

पाऊण तासानं वारा बसला. धाकटा दारापासून बाजूला झाला, बाहेर गेला, स्कूटरजवळ उभा राहिला, वर मोकळ्या आभाळाकडे पाहिलं, आणि परत आत येऊन म्हणाला, “तू कापली नसतीस तर गेली नसती.”

थोरली इतकी दमली होती की तिला ओरडताही येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“हो,” ती म्हणाली. “गेली. जायलाच कापली होती.”

तो म्हणाला, उद्या लोक म्हणतील बहीण वर चढली आणि पडवी गेली. म्हणतीलच, ती म्हणाली, तूच सांगणार आहेस ना सगळ्यांना, खुर्चीवर बसवून. डोक्यावर छप्पर आहे ते कुणाला दिसतंय, गेलेलंच दिसतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला. मग थांबला, मग तिसऱ्यांदा. त्या अकरांपैकी कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही. चेहऱ्याचा रंग गेला होता तेवढं पुरे होतं.

“उचल,” थोरली म्हणाली.

त्यानं उचलला नाही. ताई, असं काहीतरी म्हणायला लागला आणि अर्ध्यात थांबला. तिनं त्याला मदत केली नाही. ओठाशी आलेलं वाक्य बाहेर काढायला त्याला पन्नास माणसांची ताकद लागली असती, आणि ती द्यायला थोरली आज रिकामी नव्हती. फोन चौथ्यांदा वाजला.

“तुमचं झालं असेल तर मला कुशीवर करा,” आई म्हणाली. “दोन तासांच्या वर झाले. पाठ शेकून निघाली.”

दोघं खाटेच्या दोन बाजूंना आले. खालच्या चादरीची दोन टोकं दोघांनी धरली. थोरलीच्या सोलवटलेल्या हाताला चादर चिकटली.

“हळू,” ती त्याला म्हणाली. “खुब्याकडून नको, खांद्याकडून.”

“मला कळतं.”

“तुला काय कळतं ते अकरा जण सांगतायत. उचल फोन, नाहीतर मी उचलते.”

“आधी मला,” आई म्हणाली.

त्यांनी तिला वळवलं. मग धाकट्यानं फोन कानाला लावला आणि पलीकडून पहिलं वाक्य आलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. थोरलीनं पिशवी उचलली, उरलेले हूक मोजले आणि पलीकडचा माणूस पत्ता काय सांगतोय ते त्याला विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं शिडीचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या टोकाकडे आणि मग त्याच्याकडे बघत उभी राहिली.