अक्काची लाह्यांची भरड

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. लातूरहून दाजी बोलत होते. "शोभा, अक्का गेली... सकाळी उठलीच न्हाई." एवढंच. मी वर्ग दुसऱ्या बाईंकडे सोपवला आणि किनवटहून निघाले. याला आता दीड महिना झाला.

अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर लातूरला गेली. दाजींचा पगार बेताचा, घरात तीन मुलं आणि सासू-सासरे. सकाळी सगळ्यांच्या पोटाला आधार हवा म्हणून ती दर रविवारी लाह्यांची भरड करून ठेवायची. ज्वारीच्या लाह्या, खमंग भाजलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ. सगळं मिक्सरमधून जाडसर काढायचं. खाताना कोमट दूध आणि किसलेला गूळ. डबा आठवडाभर पुरायचा.

माझी कावीळ उलटली तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला, मनूला, मी तिच्याकडे ठेवलं. मनू अगदी काडी होती, आणि सकाळी पाकिटातल्या गोड पोह्यांशिवाय कशाला तोंड लावायची नाही. दोन महिन्यांनी थोडी हिंडू-फिरू लागले, तशी पाकिटं घेऊनच लातूर गाठलं. मनू वाटीत बोटं घालून भरड खात होती. का कोण जाणे, माझं डोकं फिरलं. लेक माझ्यावाचून रमली, हेच बहुधा सोसलं नाही. "माझ्या पोरीला कोंबड्यांचं खाणं घालतेस होय गं?" मी म्हणाले. अक्काची मुलं तेच खात समोर बसली होती.

अक्काने मनूचे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले. मी त्याच दिवशी लेकीला घेऊन परतले.

किनवटला मनूने पाकिटाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः ज्वारी भाजायला घेतली. दाणे करपले, लाही एक फुटेना. मनू उपाशी, दाराशी बसलेली... शेवटी अक्काला फोन लावला. माफी मागायचं मनात होतं, पण तोंडून निघालं, "अक्का, लाह्या फुटत नाहीत गं."

तिने विचारलं, "ज्वारीला पाण्याचा हबका मारून फडक्यात बांधून ठेवलीस का?"

"नाही."

"मग कशी फुटंल? ठेव बांधून, अन् दुपारी फोन कर."

दुपारी केला. म्हणाली, "फोन कढईजवळ धर. मला ऐकू दे." मी धरला. लाह्या तडतडू लागल्या तशी ती तिकडून सांगत राहिली, "लई फुटून राहिल्यात... जाळ कमी कर. आता हलव." त्या भांडणाबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही. मनू तिच्याकडे दर सुट्टीत जात राहिली, अंगाने भरली, आता नोकरीला आहे.

गेल्या रविवारी लातूरला गेले. दाजी गॅससमोर उभे राहून डाळ भाजत होते. वर्षभरापूर्वी अक्काचे हात थरथरू लागले, तेव्हा तिने त्यांना शिकवलं होतं म्हणे. त्यांनी चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"बघ बरं, झाली का? ती असताना तीच सांगायची."

मी चावून पाहिली. "आतून कच्ची आहे, दाजी."

"हाव?" ते म्हणाले, आणि पुन्हा उलथनं फिरवू लागले.