बोरीचा पाला

माह्या बापाले भाऊसाहेबानं बोरीचा पाला खायले लावला. भर दुपारी, आपल्या फाटकासमोर, चार लोकायच्या देखत.

पातूरच्या अलीकडं आमचं गाव. गावामागं ई-क्लासचं रान हाय, पळस-बोरीचं. सरकारी चराऊ जागा, साऱ्या गावाची. बाबा तिथं गावची ढोरं चारत. त्यात एकच गाय आमची, कपिली. तिच्या दुधावर घर चाले. रानाले लागून भाऊसाहेबाचं, गावच्या मोठ्या मालकाचं, वावर. त्याले रान दाबून आपल्या वावरात घ्यायचं होतं, म्हणून झाडं मारायले त्यानं तणनाशक फवारलं. सांगतलं कोणालेच नाही. त्याची सोताची ढोरं मात्र त्या दिवशी गोठ्यात बांधून होती. हे मागून समजलं, अन् आजही आठवलं की डोकं फिरते.

कपिलीनं तो फवारलेला पाला खाल्ला होता. पाण्यावर नेता नेता ती त्याच्याच फाटकासमोर बसली. तोंडाले फेस. पाय झाडले अन् गेली.

बाबानं रानातली फांदी नेऊन दाखवली. हात जोडून म्हणे, "मालक, फवारल्याचं सांगायले पायजे होतं."

"औषधानं ढोर मरत नाही. घे, तूच खाऊन पाह्य."

मले वाटलं, बाबा नाही म्हणन. त्यानं पाला तोंडात घातला अन् चावला. लोक हसले.

"आता वढून ने तिले. तुमचंच काम हाय ते."

मेलं ढोर वढायचं काम आमच्या लोकायनं माह्या आज्याच्या वक्ती सोडलं. त्यापायी मार खाल्ला, पण सोडलं. अन् माहा बाप दोराकडं वाकला.

मले भाऊसाहेबापेक्षा बापाचाच राग आला. बोट घालून त्याच्या तोंडातला पाला काढला. दोर हिसकला. भाऊसाहेबाले म्हटलं, "गाय इथंच राहीन. ढोराचा डॉक्टर पोट फाडून पाहीन, मंगच हालन."

"काहून वं पोरी, लय जीभ चालून राहिली तुही?"

"हो, चालून राहिली."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला. तोवर मी कपिलीपाशी बसून कुत्रे हाकलले. वास भाऊसाहेबाच्या माजघरात गेला. डॉक्टरनं विषानं मेली म्हणून लिहून देलं, तरी पुढं भाऊसाहेबाचं काही वाकडं झालं नाही. बाबाच्या तोंडाची मात्र सालं निघाली. अजूनही तिखट चालत नाही त्याले.

आता ढोरं मी चारते, त्याच रानात. ते रान माह्या बापाचं नाही, पण भाऊसाहेबाच्याही बापाचं नाही. पुन्हा फवारलं तर ढोरं त्याच्या उभ्या तुरीत घालीन. अन् एखादं मेलं, तर दोर त्याच्या हातात देईन. वढ म्हणीन.