उपासाचं मीठ

बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं तेव्हा मी नागपूरला कॉलेजात होते. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं. पिपरी मेघेतल्या आमच्या घरी आईने त्याच संध्याकाळी मिठाची बरणी शेजारणीला देऊन टाकली. लोणचं वरच्या फळीवर गेलं. फोनवर हे सांगताना तिचा आवाज खुलला होता.

दिवाळीला घरी आले, तर वरण चवदार. मला नवल वाटलं, पण विचारलं नाही. घरात मी बघते जास्त, बोलते कमी. ते वरण मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

होळीला आले तेव्हा बाबांच्या पायांवर सूज होती. गोळी वाढवूनही प्रेशर उतरत नव्हतं. तुम्ही बाहेर खात असाल, असं म्हणून डॉक्टर त्यांच्यावरच चिडले होते. बाबांनी तर ऑफिसातल्या चहाबरोबरची बिस्किटंही सोडली होती.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात आईजवळ उभी होते. तिने एका डब्यातली गुलाबी पूड चिमटीत घेतली आणि आलू-वांग्याच्या भाजीत टाकली.

"आई, हे काय?"

"उपासाचं मीठ हाय."

"म्हणजे मीठच ना?"

"काऊन वं? मीठ असतं तर उपासाले चाललं असतं का?"

मी पाकीट मागितलं. मागे बारीक इंग्रजी अक्षरं होती. मग दुकानातून साध्या मिठाचंही पाकीट आणलं आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवली. सोडियमचे आकडे जवळपास सारखेच होते.

"काय निघालं माय?" बाबांनी दारातून मला विचारलं.

मी सांगितलं. ते हसले. "म्हणजे इतके महिने मी उपासच करून राह्यलो! पुण्य तरी जमा झालं असन."

आई हसली नाही. तिने गॅस बंद केला. "मले वाटे, मी तुमाले जपून राह्यली," ती म्हणाली. भाजी अर्धी कच्चीच राहिली.

पुढच्या तपासणीत बाबांच्या किडन्या थोड्या कमजोर झाल्याचं कळलं. ते कशामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. आईसमोर ते विचारायची हिंमत बाबांना झाली नाही, मलाही नाही.

आता घरात सगळ्यांचंच जेवण अळणी असतं. मी सुट्टीत आले की आई पाव, पापड, खारी, जे काही घरात आलं असेल ते माझ्यापुढे आणून ठेवते. मी मागचं वाचते. ती एकेक पाकीट उचलून बाजूला करते. बाबा मात्र थट्टा करतात, की या घरात परीक्षा पास होणारं काहीच येत नाही.

एकदा दह्याच्या डब्यावरचं वाचून मी म्हटलं, "हे चालेल, आई. नक्की चालेल."

बाबांनी लगेच वाटी पुढे केली. आईने डबा उघडला, चमचा घेतला, आणि तो माझ्या हातात दिला.

"तू वाढ त्याइले," ती म्हणाली. "मी नाई वाढत."