मागच्या डाव्या चाकाची खरचट

सहा वर्षांपूर्वी आमच्या गाडीचं मागचं डावं चाक घासलं. मीच घासलं. एवढं वाक्य लिहायला इतका वेळ लागतोय, तर बोलायला किती लागला असेल.

बायको तेव्हा गाडी शिकत होती. कागलच्या शाळेत ती शिकवते. गाडी जमली की रोजचं एसटीनं जाणं सुटणार होतं. त्या सकाळी ती मैदानावर फेऱ्या मारून आली. संध्याकाळी मी मुरगूडला लग्नाला गेलो आणि कार्यालयाबाहेर गाडी मागं घेताना कडेच्या दगडाला चाक घासत नेलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी बघितलं. गाडी त्यांनी घेऊन दिलेली. "सूनबाईंचा पराक्रम व्हय ह्यो?" मी चहा पीत होतो, पीत राहिलो. तीच पुढं येऊन म्हणाली, "आबा, माझ्याकडूनच लागलं असेल. मला कळलं नाही. चुकलं."

त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नाही. पुढं वडीलही गेले. मी गप्पच.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, मला गाडी शिकवा. बायको भाजी चिरत होती. "नको गं बाई. आपल्या हाताला गाडी बसत नाही. मी बघितलंय की."

मग मी उद्यमनगरातल्या गॅरेजांच्या ओळीत गेलो. कबूल करायला नव्हे, खूण पुसायला.

अॅलॉय चाकं नीट करणारे तिथले मिस्त्री साठीचे. पॉलिश करून करून बोटं काळी पडलेली. तीन चाकांना नुसती चकाकी द्यायची, चौथं वेल्डिंगनं भरून घासायचं, असं त्यांनी सांगितलं. मग खरचटीवर वाकून म्हणाले, "कुणी केलं हे?"

सवयीनं तोंडातून गेलं, "बायको शिकत होती."

"वैनी रिव्हर्स शिकत हुत्या?"

"छे, रिव्हर्सपर्यंत आलीच नव्हती."

त्यांनी माझा हात धरून बोट खरचटीवर ठेवलं. "नख फिरवा. हिकडनं सरकतंय, तिकडनं अडतंय. धातू ज्या अंगाला ढकलला, त्या अंगाला कड उठतीय. गाडी मागं जाताना घासलंय हे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पावणं, वैनींच्या नावावर कशाला घालताय?"

त्यांनी घासायचं मशीन उचललं. मिनिटभरात ती कड गेली असती.

"थांबा," मी म्हणालो. "हे एक उद्या करा."

दुसऱ्या दिवशी रविवार. बायकोला घेऊन गेलो. तीन चाकं आरशासारखी, चौथं तसंच. मिस्त्री आमच्याकडं बघून चहाला निघून गेले. मी तिला सगळं सांगितलं. मुरगूड, दगड, चहा. तिचं बोट त्या कडेवर ठेवलं. तिनं एकदा नख फिरवलं, उलटं परत फिरवलं.

"आबांची माफी मागितली मी."

"हो."

"तुम्ही समोर बसला होता."

"हो."

पुढं दोन तास ती तिथून हलली नाही. चाक भरताना, कागदानं घासताना, शेवटी पॉलिशच्या फिरत्या बफवर धरल्यावर काळा थर जाऊन पांढरा धातू वर येताना, सगळं तिनं उभ्यानं बघितलं. चाक बसलं तसा तिनं हात पुढं केला.

"चावी."

"वैनी, सावकाश," मिस्त्री म्हणाले. "फाटकापतूरच मागं घ्या. फाटकाला लागून कट्टा हाय."

ती बसली, काच खाली केली. "तुम्ही मागं उभे राहा. किती जागा आहे ते सांगा. खरं सांगा."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा हळूहळू मागं येऊ लागली. मी कट्ट्याशी उभा राहून डाव्या चाकाकडं बघत होतो.

"हातभर आहे," मी म्हणालो. "आता वीतभर. बस."

ती थांबली.