मांस पारखणारे आतोबा

साऱ्या कल्याणात मांसाची पारख माझ्या आतोबांएवढी कोणालाही नव्हती, आणि त्यांनी जन्मात त्याचा एक कणही तोंडात घातला नव्हता. याला कारण एक कुत्रा. आतोबा रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. त्यांचा साहेब विलायतेला परतताना आपला कुत्रा त्यांच्या हवाली करून गेला आणि जाताना, याला रोज कच्चे मांस द्या, एवढेच सांगून गेला. आतोबांनी कुत्र्याचे नाव मोदक ठेवले आणि साहेबाचा हुकूम तंतोतंत पाळला.

रोज सकाळी स्नानसंध्या आटोपून ते खाटकाच्या दुकानापासून पाच हात दूर, तिकडचा वारा नाकाला लागेल असे उभे राहत. तिथूनच फर्मान सुटे, "बोटाने दाब. सोड. खळगा भरला का?" खाटीक म्हणे, "पंत, सकाळीच कापलंय." "कुठल्या सकाळी, ते विचारतोय." पसंत पडलेला तुकडा पळसाच्या पानात बांधून छत्रीच्या टोकाला लटके, आणि ती छत्री हातभर पुढे धरून आतोबा घरी येत. मांस खाणारी मंडळी तोवर कोपऱ्यावर थांबत. पंतांनी नेले म्हणजे ताजे. घरी पोचल्यावर आतोबांचे दुसरे स्नान. कोणी नावे ठेवली तर उत्तर तयार असे, "कच्चे ते जनावराचे भक्ष्य. चुलीवर चढले तर तो स्वयंपाक. माझ्या घरी मांस शिजत नाही." या उत्तरावर आळीतल्या वैदिकांनीही मान डोलावली होती.

मी मुंबईच्या कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मोदक तीन दिवस उलट्या करून परसात निपचित पडला होता. आतोबांना काही उमजेना. "अगदी ताजे होते रे." मी चाचरत सांगितले, की डोळ्यांना न दिसणारे जंतू ताज्या मांसातही असू शकतात, त्यांना वास नसतो, आणि उकळल्याने ते मरतात, असे आमचे प्रोफेसर म्हणतात.

"तू पाहिलेस?"

"नाही. चित्र पाहिले आहे."

"धूर दिसला की आळी आपल्याला वाळीत टाकेल," आत्या आतून म्हणाली. एका चित्राच्या भरवशावर कोणाचे घर वाळीत पडावे असे मलाही वाटेना, म्हणून मी विषय सोडला.

आतोबांनी एकदा कुत्र्याकडे पाहिले. मग उठून त्यांनी परसात तीन दगड मांडले. आयुष्यात त्यांनी पाणीही तापवले नव्हते. जाळ एवढा केला की मडके तडकले. दुसरे मडके चढवताना आत्या मागल्या दारात येऊन पाठमोरी उभी राहिली.

"अहो, उकळी आली का?"

"आली असावी."

"मग लाकडे मागे ओढा. आणि झाकण ठेवा वर."

मोदक चौथ्या दिवशी उठला. धूर मात्र जिथे पोचायचा तिथे पोचला होता. दरवर्षी गौरीच्या जेवणाला सवाष्ण म्हणून आत्याला तीन घरची बोलावणी येत. त्या भाद्रपदात एकही आले नाही. गणपतीच्या सुटीत मी पुन्हा तिथे गेलो होतो. ती ठेवणीतले लुगडे नेसून दुपारपर्यंत ओटीवर बसली होती. उन्हे कलल्यावर तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बघ रे जरा मागे, त्याचे शिजले का."